दोन पानं, दोन चौकोन

रेडिंगमधल्या एका चर्चच्या सभागृहात माझ्या पुढच्या रांगेत एक म्हातारबाई बसल्या होत्या. त्यांनी वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ ओढली होती. डावीकडे ‘राहा’, उजवीकडे ‘निघा’. सभा सुरू झाली तेव्हा बाई परीक्षेला बसल्यासारख्या भराभर टिपणं घेत होत्या. अर्ध्या तासानं त्यांचं पेन थांबलं. पाऊण तासानं पुन्हा चालू लागलं, म्हणून मी मान उंचावून पाहिलं. रेघेच्या उजवीकडे त्या लिहीत होत्या : दूध, अंडी, मांजराचं खाणं.

२०१६ सालचा जून. महिनाभरासाठी मी भाचीकडे आले होते, पाहायच्या ठिकाणांची यादी घेऊन. स्टोनहेंज, बाथ, ऑक्सफर्डची ग्रंथालयं. त्यातलं निम्मं राहून गेलं, कारण त्या महिन्यात हा देशच पाहण्यासारखा झाला होता. २३ जूनला सार्वमत होतं. युनायटेड किंगडमनं युरोपीय संघाचं सदस्य राहावं, की संघ सोडावा? एवढाच प्रश्न आणि उत्तराला दोन चौकोन. इंग्रज माणूस अनोळखी बाईशी हवापाण्याखेरीज बोलत नाही असं ऐकून होते. त्या महिन्यात बोलत होता. बसथांब्यावर, टपालाच्या रांगेत, केस कापायच्या दुकानात, आणि बोलणं शेवटी एकाच जागी येऊन थांबायचं : आम्हांला कोणी धड माहिती का देत नाही?

त्या सभेत दोन वक्ते होते. दोघेही नीटनेटके, दोघांच्याही हातात कागद. एकानं एक आकडा फेकला की दुसरा त्याच्या दुप्पट फेकायचा. शेवटी मागच्या रांगेतला एक धिप्पाड लॉरीवाला उठला. म्हणाला, “तुमची मतं मला नकोत, माझी मला आहेत. तुमच्यातला खोटं कोण बोलतोय, तेवढं सांगा आणि आम्हांला घरी सोडा.” संध्याकाळभरात टाळ्या पडल्या त्या या एका वाक्याला. व्यासपीठावरच्या दोघांनी एकाच वेळी एकमेकांकडे बोट दाखवलं. सभागृह हसलं, पण ते हसू चांगलं नव्हतं.

आकड्यांचं सांगते, कारण वैतागाचं मूळ तिथं होतं. ‘निघा’वाल्यांनी एक लालभडक बस रंगवून गावोगाव फिरवली होती. तिच्यावर लिहिलं होतं की आपण युरोपीय संघाला आठवड्याला ३५ कोटी पाउंड पाठवतो, ते आपल्या सरकारी आरोग्यसेवेला देऊ या. आता या ३५ कोटींची गंमत अशी की तेवढे पैसे जातच नव्हते. १९८४ साली मार्गारेट थॅचरबाईंनी भांडून मिळवलेली सूट आधीच वजा व्हायची. उरलेल्यातलाही बराच भाग शेतकऱ्यांना आणि मागास भागांना मदत म्हणून परत यायचा. सावंतवाडीच्या बाजारात भाजीवाली पन्नास सांगते, पस्तिसाला देते, वर कढीपत्ता टाकते. घरी येऊन आपण नवऱ्याला ‘पन्नास गेले’ म्हणून सांगावं, तसा तो हिशोब. देशाच्या सांख्यिकी प्राधिकरणानं हा आकडा दिशाभूल करणारा आहे असं जाहीर सांगितलं. बस फिरतच राहिली.

‘राहा’वालेही काही धुतल्या तांदळाचे नव्हते. अर्थमंत्री जॉर्ज ऑसबर्न यांच्या खात्यानं हिशोब मांडला होता की संघ सोडला तर २०३० पर्यंत दर घरामागे वर्षाला ४,३०० पाउंडांचा फटका बसेल. पंधरा वर्षांनंतरचं भविष्य, आणि तेही शेकड्यांपर्यंत नेमकं! आमच्याकडे पंचांगवालासुद्धा ‘पाऊस मध्यम’ एवढंच म्हणतो. पंतप्रधान कॅमेरन यांनी युरोपातली शांतता धोक्यात येईल असं सुचवलं होतं. युरोपीय परिषदेचे अध्यक्ष डोनाल्ड टस्क त्याही पुढे जाऊन पाश्चात्त्य राजकीय संस्कृतीच्या अंताबद्दल बोलले. एका बाजूनं संस्कृतीचा अंत आणि दुसऱ्या बाजूनं केळी किती वाकडी असावीत हे ब्रसेल्सनं ठरवल्याची तक्रार, यांच्यामध्ये सामान्य माणूस उभा. मे महिन्याच्या अखेरीस संसदेच्याच अर्थविषयक समितीनं दोन्ही बाजूंना अतिशयोक्तीबद्दल झापलं होतं. समितीत दोन्ही बाजूंचे खासदार होते, हे विशेष. लोकांनी तो अहवाल वाचला नसेल, पण त्याचं सार त्यांना तोंडपाठ होतं.

मायकेल गोव्ह या मंत्र्यांनी याच सुमारास टीव्हीवर सांगितलं की तज्ज्ञांचा लोकांना आता वीट आला आहे. वाक्य गाजलं, त्याची टिंगलही भरपूर झाली. मला ते अर्धं खरं वाटलं. लोकांना वीट आला होता तो आपल्या डोक्यावर हाणण्यासाठी तज्ज्ञ वापरले जात होते याचा.

भाचीच्या स्वयंपाकघरात सरकारी पत्रक पडलेलं होतं. ९३ लाख पाउंड खर्चून सरकारनं ते घरोघरी पाठवलं होतं. तिच्या घरी ते चहाच्या भांड्याखाली ठेवायच्या कामी आलं. तिचं आणि जावयाचं या विषयावर रोज वाजायचं. दोघंही संगणकाच्या नोकरीत, दोघांकडेही भारतीय पासपोर्ट, आणि दोघांनाही मत होतं! मला हे आधी खरंच वाटेना. पण नियमच तसा. ब्रिटनमध्ये रीतसर राहणाऱ्या राष्ट्रकुलातल्या नागरिकाला या सार्वमतात मत होतं. म्हणजे कोथरूडहून चार वर्षांपूर्वी आलेली माझी भाची ब्रिटननं युरोपात राहावं की नाही हे ठरवणार होती. याउलट वीस-पंचवीस वर्षं तिथं कर भरणाऱ्या फ्रेंच, पोलिश, पोर्तुगीज माणसाला मत नव्हतं.

भाचीचं म्हणणं राहायचं. जावई ‘निघा’कडे झुकलेला. त्याचं कारण तुर्कस्तान संघात येईल ही भीती नव्हती, वाकडी केळीही नव्हती. त्याची आई सांगलीला एकटी असते. २०१२ च्या जुलैपासून म्हाताऱ्या आईवडिलांना कायमचं बोलावून घ्यायचे नियम इतके कडक झाले की ते जवळजवळ बंदच झालं. “पोलंडचा माणूस पिशवी उचलून येतो, आणि माझ्या आईनं काय घोडं मारलंय, मावशी?” असं तो विचारायचा. ‘निघा’वाल्या मंत्री प्रीती पटेलबाई तेव्हा सांगत फिरत होत्या की युरोपातून बाहेर पडलो तर भारत-बांगलादेशातून आचारी आणता येतील, करीची हॉटेलं वाचतील. भाची म्हणायची, “आचारी येतील रे. तुझी आई येईल असं कुणी म्हणालंय का?” यावर तो गप्प व्हायचा, आणि मत मात्र बदलायचा नाही. त्याला त्याच्या प्रश्नाचं उत्तर कोणत्याच बाजूनं दिलं नव्हतं. निदान एक बाजू त्याच्या रागाला हो म्हणत होती.

१५ जूनला आम्ही लंडनला गेलो. वेस्टमिन्स्टरच्या पुलावर गर्दी दिसली म्हणून थांबलो, तर खाली थेम्स नदीत आरमारी लढाई. ब्रिटिश कोळ्यांच्या बोटी युरोपच्या मासेमारी धोरणाविरुद्ध नदीतून संसदेपर्यंत चालून आल्या होत्या. त्यांच्यात एका मोठ्या नावेवर ‘निघा’वाल्यांचे पुढारी नायजेल फराज. समोरून गायक बॉब गेल्डॉफ दुसरी नाव घेऊन आला होता आणि कर्ण्यावरून फराज यांना सुनावत होता. मध्ये छोट्या रबरी बोटी, त्यांच्यावर ‘राहा’वाल्यांचे झेंडे. कोळ्यांच्या बोटींवरून त्यांच्यावर पाण्याचे फवारे मारले जात होते. आम्ही मालवणी मुलखातली माणसं. बोट, जाळं, कोळी आणि सरकार यांचं भांडण आम्हांला परकं नाही. त्या कोळ्यांची तक्रार ऐकावी असं मला मनापासून वाटलं. पण कर्णे इतके होते की तक्रार ऐकू येईना. पुलावर माझ्या शेजारी उभा असलेला एक सफाई कामगार कठड्याला टेकून म्हणाला, “हे आमचे मोठे लोक.” आणि झाडू उचलून चालू लागला.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाचीचा ऑफिसातून फोन आला, “मावशी, टीव्ही लाव.” वेस्ट यॉर्कशरमधल्या बर्स्टॉल गावात जो कॉक्स या खासदार बाईंवर भर रस्त्यात हल्ला झाला होता. मतदारांना भेटायच्या ठरलेल्या वेळेला त्या तिथं पोचत होत्या. वय ४१, दोन लहान मुलं. संध्याकाळी त्या गेल्याचं सांगितलं. आदल्या दिवशी थेम्सवरच्या रबरी बोटींपैकी एकीत त्यांचा नवरा आणि मुलं होती, हे मला तेव्हा कळलं. म्हणजे मी पुलावरून त्यांच्याकडेही हसत पाहिलं असणार.

दोन्ही बाजूंनी प्रचार थांबवला. दोन-तीन दिवस टीव्हीवर कोणी कोणाला खोटारडा म्हणालं नाही. दुकानातली बाई म्हणाली, “आता कुठं ऐकू येतंय.” काय ऐकू येतंय, ते तिनं सांगितलं नाही.

त्या रविवारी, १९ तारखेला, मी स्विंडनला गेले. रेडिंगहून पश्चिमेला जाणाऱ्या गाडीनं अर्धा तास. हे एकेकाळी रेल्वेचं गाव. ग्रेट वेस्टर्न रेल्वेचे कारखाने इथं होते, आता त्यांचं संग्रहालय झालंय. गावात होंडाचा मोठा मोटार-कारखाना होता, आणि गोव्याची माणसं होती. हजारांनी. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेल्या माणसाला, त्याच्या मुलानातवंडांनाही, पोर्तुगालचं नागरिकत्व घेता येतं. लिस्बनच्या दप्तरात जन्माची नोंद झाली की माणूस युरोपचा. मग तो तेव्हा पोर्तुगालला फारसा जात नसे, थेट इंग्लंडला येई. भाचीच्या शेजारच्या टेबलावर बसणारा तरुण मूळचा कुडतरीचा, सासष्टीतला. माझं बालपण गोव्यात गेलं हे कळल्यावर त्यानं आईवडिलांकडे जेवायचं आमंत्रण देऊनच टाकलं. इतकी वर्षं इथं राहूनही त्याला मत नाही, शेजारच्या टेबलाला आहे. या दोघांचं यावर रोज हसणं चालायचं.

तो स्टेशनावर गाडी घेऊन आला आणि मला मुद्दाम ‘मॅजिक राउंडअबाउट’वरून नेलं. हे स्विंडनचं खरं प्रेक्षणीय स्थळ. १९७२ साली बांधलेला चौक. एका मोठ्या वर्तुळाच्या कडेनं पाच लहान वर्तुळं. लहान वर्तुळांत गाड्या घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरतात, आतल्या मोठ्या वर्तुळात उलट्या. मी दार घट्ट धरून बसले होते. तो मात्र एका हातानं चाक फिरवत, दुसऱ्यानं खुणा करत सहज बाहेर पडला. “घाबरायचं नसतं, आंटी. बाहेरचा रस्ता कुठं जातो ते पाटीवर लिहिलेलं असतं,” म्हणाला.

होली रूड चर्चमधून लोक बाहेर पडत होते. इंग्लंडच्या त्या फिकट उन्हात कोकणी कानावर आली आणि मला एकदम म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात उभं असल्यासारखं वाटलं. त्या तरुणाचे वडील साठीच्या उंबरठ्यावरचे, आधी बोटीवर होते, आता गोदामात रात्रपाळी करतात. आमचे वडील ख्रिस्ती गृहस्थांना आदरानं ‘पात्रांव’ म्हणत. माझ्या तोंडून तेच निघालं. ते खूश झाले. “किती वर्सांनी आयकलो हो शब्द!” म्हणाले.

जेवायला बसलो. बांगड्याची कढी, भात, खरपूस तळलेली सुंगटं. मी म्हणाले, आम्ही पेडण्याचे, वडील मराठी शाळेत मास्तर. त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं आणि गालात हसले. “म्हणजे फूलवाले.”

“आणि तुम्ही दोन पानं.”

“आमी दोन पानां,” असं म्हणून त्यांनी माझ्या ताटात आणखी कढी वाढली. “तुमका श्रीखंड मेळूंक ना हांगा. शीत-कडी खायात.”

हे वाचणाऱ्या तरुणांना सांगायला हवं. १६ जानेवारी १९६७ ला गोव्यात जनमत कौल झाला. गोव्यानं महाराष्ट्रात विलीन व्हावं की केंद्रशासित राहावं? विलीनीकरणाची खूण फूल, वेगळं राहण्याची खूण दोन पानं. मी तेव्हा सात वर्षांची. शाळेच्या वाटेवरच्या गडग्यावर कुणी गेरूनं फुलं काढली होती. वडील विलीनीकरणवाले, घरी ‘गोमन्तक’ यायचा. पण ते शेजाऱ्याकडून ‘राष्ट्रमत’ही मागून आणायचे, मोठ्यानं वाचायचे आणि प्रत्येक परिच्छेदानंतर कपाळावर हात मारायचे. समोरची माणसं श्रीखंड-पुरी नको, शीत-कढी हवी अशा घोषणा द्यायची. आमच्याकडची माणसं म्हणायची, भाकरी एक तर चूल एक. महाराष्ट्रात गेलो तर दारूबंदी येणार, नोकऱ्या घाटावरचे घेणार, नाही गेलो तर पुन्हा भाटकारांचं राज्य. अफवा तेव्हाही कमी नव्हत्या. विलीनीकरणवादी मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांचं सरकार कौल निष्पक्ष व्हावा म्हणून बाजूला झालं होतं. निकाल लागला : दोन पानांना १,७२,१९१, फुलाला १,३८,१७०. वडील त्या रात्री जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन त्यांनी नेहमीसारखी हजेरी घेतली.

पन्नास वर्षांनी, कुडतरी आणि पेडणं स्विंडनच्या एका टेबलावर. मी म्हणाले, पात्रांव, भांडलो आपण तेव्हा कडकडून, पण एक होतं. फूल म्हणजे काय आणि दोन पानं म्हणजे काय, हे मतपेटीपर्यंत जाणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं. फुलाला मत दिलं तर उद्यापासून राजधानी मुंबई. पानांना दिलं तर पणजी. इथं ‘निघा’ म्हणजे कुठं जायचं, हेच चौकोनात लिहिलेलं नाही. नॉर्वेसारखं, स्वित्झर्लंडसारखं, कॅनडासारखं, का कशासारखंच नाही? एकाच बाजूचे तीन पुढारी तीन गावांची नावं घेतात. मग आकडे जुळणार कसे?

त्यांनी मान हलवली, पण पुरती मान्य केली नाही. “आमकांय पुराय सांगूंक नाशिल्लें,” म्हणाले. आम्हांलाही पुरतं सांगितलं नव्हतं. वेगळं राज्य हा चौकोन तेव्हाच्या मतपत्रिकेवर कुठं होता? ते मिळायला ३० मे १९८७ उजाडावं लागलं. आणि दोन पानं जिंकली, पण दोन-अडीच महिन्यांनी निवडणूक झाली तेव्हा लोकांनी पुन्हा बांदोडकरांनाच निवडून दिलं. “कौल मागणारे एक विचारतात, लोक दुसऱ्याच गोष्टीचा जाब देतात,” हे ते अगदी मराठीत, माझ्यासाठी सावकाश म्हणाले. मी त्यावर वाद घातला नाही. वडील असते तर घातला असता.

तेवढा वेळ त्यांच्या पत्नी चूल आवरत होत्या. एका वृद्धाश्रमात त्या काम करतात. बोलता बोलता कळलं की त्यांनी भारतीय पासपोर्ट सोडलेला नाही. कुडतरीला आईच्या नावाचं घर आहे, त्याचं काही अडकू नये म्हणून. त्या नवऱ्याच्या पोर्तुगीज पासपोर्टाच्या आधारानं इथं राहतात. मी हातातला घास तसाच ठेवला. म्हणजे या घरात युरोपचा नागरिक नवरा आणि मुलगा, त्यांना मत नाही. त्यांच्या आधारावर राहणारी बाई भारताची, राष्ट्रकुलातली, तिला मत आहे! नवरा इथं राहू शकेल की नाही हे ठरवायच्या कामात त्या घराचं एकमेव मत तिचं.

“मग ठरवलंत?” मी विचारलं.

त्यांनी पदर नसलेल्या खांद्याला हात पुसला. दारावर दोन्ही बाजूंचे प्रचारक येऊन गेले होते. दोघांनाही बाईंनी एकच विचारलं होतं : माझ्या घोवाचं काय होणार? एकानं तुर्कस्तानच्या लोकसंख्येचं पत्रक हातात दिलं. दुसऱ्यानं पाउंड किती घसरेल ते सांगितलं. “दोगूय फटी मारतात,” बाई म्हणाल्या. दोघंही थापा मारतात. राग नव्हता त्यांच्या आवाजात. आश्रमात औषध घ्यायला टाळाटाळ करणाऱ्या म्हाताऱ्यांबद्दल बोलावं तसा सूर होता.

त्या महिन्यात मी ऐकलेल्या सगळ्या तक्रारींचा अर्थ मला त्या स्वयंपाकघरात लागला. लोक माहिती मागत होते, आणि माहिती तर ढिगानं पडली होती. प्रत्येकाच्या खिशात एक छोटा, घरचा प्रश्न होता. सांगलीची आई, कोळ्याची बोट, गोदामातला घोव. वादविवाद चालला होता तो अब्जावधींत. ज्याचा त्याचा प्रश्न त्याच्या खिशातच राहिला आणि तो तसाच घेऊन माणसं चौकोनापुढं उभी राहिली. लॉरीवाल्याचा प्रश्न काय होता, ते त्याला त्या सभेत कुणीच विचारलं नव्हतं. मीही नाही.

२१ तारखेला वेम्ब्लीच्या भव्य स्टेडियमशेजारच्या सभागृहात बीबीसीनं मोठा वाद भरवला. हजारो प्रेक्षक, दोन्हीकडे तीन-तीन वक्ते, कुस्तीच्या आखाड्यासारखा जल्लोष. भाची आणि जावई पाहायला बसले आणि विसाव्या मिनिटाला दोघांनी एकमतानं टीव्ही बंद केला. त्या घरातलं त्या महिन्यातलं ते पहिलं एकमत.

२३ ला लंडनमध्ये आभाळ फाटलं. रस्ते तुंबले, गाड्या अडल्या, संध्याकाळी वॉटर्लू स्टेशनावर माणसांचा समुद्र. मी भाचीबरोबर मतदान केंद्रापर्यंत गेले. आत जायचा मला अधिकार नव्हता, म्हणून बाहेर कुंपणाशी बांधलेल्या दोन कुत्र्यांसोबत उभी राहिले. पाच मिनिटांत ती बाहेर आली. ओळखपत्र विचारलं नाही, बोटाला शाई नाही, यंत्र नाही. नाव-पत्ता सांगायचा, कागद घ्यायचा आणि दोरीला बांधलेल्या पेन्सिलीनं फुली मारायची. पेन्सिलीनं! आमच्याकडे सरपंचाच्या निवडणुकीत पेन्सिल दिली तर दंगल होईल. इथंही त्या दिवशी कुजबुज होतीच : पेन्सिलीची फुली खोडतील, घरून पेन न्या. शतकभर ज्या पेन्सिलीवर कुणी संशय घेतला नव्हता, तिच्यावर लोक संशय घेत होते. चार महिन्यांच्या वादविवादाची कमाई मला विचाराल तर ही.

त्या रात्री मी जागी राहिले. जिब्राल्टरचा निकाल आला, ९६ टक्के राहा. मग न्यूकॅसलमध्ये जेमतेम राहा. मग संडरलँडमध्ये ६१ टक्के निघा, आणि पडद्याच्या कोपऱ्यातला पाउंडाचा भाव विहिरीत सोडलेल्या कळशीसारखा खाली गेला. पहाटे पाचच्या आधीच बीबीसीच्या डेव्हिड डिम्बलबी यांनी सांगितलं की देश बाहेर पडतोय. निघा १,७४,१०,७४२, राहा १,६१,४१,२४१. सव्वाआठच्या सुमारास कॅमेरन दारात येऊन राजीनामा जाहीर करून गेले. जावई जिंकला होता. तो बराच वेळ गॅसपुढे उभा राहून दुधावर लक्ष ठेवत होता. दूध तरीही उतू गेलं.

दहा वाजता स्विंडनहून पात्रांवांचा फोन. स्विंडननं ५४.७ टक्के निघायला कौल दिला होता. “आमच्या वेळी फरक ३४ हजारांचा होता,” म्हणाले, “हांगा पावणेतेरा लाखांचो.” मग जरा थांबून सांगितलं की सकाळी कचऱ्याचे डबे बाहेर ठेवताना शेजारी ‘मॉर्निंग’ म्हणाला. रोज म्हणतो तसाच.

ब्रिटन प्रत्यक्षात बाहेर पडला ३१ जानेवारी २०२० च्या रात्री अकरा वाजता. पात्रांव तिथंच आहेत. त्यांना फोनवर अर्ज भरून राहण्याचा हक्क नव्यानं मागावा लागला आणि तो मिळालाही. जावयाची आई अजून सांगलीलाच आहे.

त्या जानेवारीत मी स्विंडनला फोन केला तेव्हा पत्नीनं उचलला. इतक्या वर्षांनी धीर करून विचारलंच, बाय, मत कुणाला दिलं होतंत? त्या खळखळून हसल्या. घोवाला सांगितलं नाही ते मला कशाला सांगतील? एवढं मात्र सांगितलं की त्यांनी फुली पेनानं मारली. स्वतःच्या. घरून पर्समध्ये घालून नेलेल्या.